मिरजेतला वायरमन जर्मनीत पुन्हा वायरमन कसा होणार?

तारवाला_मिरज

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

वय ३५. आयटीआय इलेक्ट्रिशियन, दोन वर्षांचा कोर्स, मग एक वर्ष अप्रेंटिस. त्यानंतर कुपवाड एमआयडीसीत तेरा वर्षं. पहिली सहा एका फौंड्रीत मेंटेनन्सला, ती बंद पडली. पुढची सात पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात. शिवाय संध्याकाळी घराच्या पडवीत मोटर रिवाइंडिंग. उन्हाळ्यात तासगावकडच्या द्राक्षबागांच्या मोटारी येतात तेव्हा रात्री बारा-बारा वाजतात.

बायको नर्स आहे. दीड वर्षापूर्वी जर्मनीला गेली. सुरुवातीला हेल्पर, मग परीक्षा, आता पूर्ण नर्स म्हणून रुजू झाली. मी आणि लेक तीन महिन्यांत जाणार. व्हिसा मिळेल, तिकडे काम करायची परवानगीही त्याच व्हिसात असते असं कळलं. प्रश्न तो नाही.

प्रश्न असा की माझ्या हातातल्या कामाचं काय? एक एजंट म्हणतो तिकडे इलेक्ट्रिशियनला मरण नाही, उतरल्या उतरल्या उचलतील. मामा म्हणतात, जावईबापू गोडाऊनमध्ये खोकी उचलणार. कोण खरं? आणि जाण्याआधी इथून काय करून घ्यावं? कुणी स्वतः यातून गेलं असेल तर सविस्तर लिहा. सध्या सांगलीत जर्मनचा क्लास लावलाय, ए२ (दुसरी पायरी) चालू आहे. डेअर-डी-दास या त्यांच्या लिंगांच्या शब्दांत डोकं गरगरतंय.

भडंगप्रेमी

वाचतोय. बाकी जाताना भडंग जास्त ने. पहिले सहा महिने तेच कामाला येतं.

कऱ्हाडचा_नट

एजंट आणि मामा दोघंही अर्धे बरोबर. मी स्वतः इलेक्ट्रिशियन, सात वर्षं झाली इथे, बव्हेरियात. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट. तुमच्या बायकोचं आणि तुमचं प्रकरण एक नाही. नर्सला सरकारी मान्यता मिळाल्याशिवाय नर्स म्हणून काम करताच येत नाही. इलेक्ट्रिशियनला नोकरी करायला मान्यता सक्तीची नाही. मालकाने ठेवलं तर ठेवलं. स्वतःचा धंदा मात्र विसरा. पाटी लावून घरोघरी वायरिंग करायचं तर माइस्टर लागतो, म्हणजे आपल्याकडच्या लायसनवाल्या ठेकेदाराच्या चार पायऱ्या वर.

पण 'सक्ती नाही' याचा अर्थ 'गरज नाही' असा घेऊ नका. कागद नसला तर तुम्हाला हेल्परच्या पगारावर घेतात आणि हेल्परच ठेवतात. कारण विजेच्या कामाची जबाबदारी ज्याच्यावर टाकायची तो प्रशिक्षित आहे हे मालकाला दाखवता यायला लागतं. अपघात झाला तर पहिला प्रश्न तोच येतो.

तुमचं काम कारखान्यातलं आहे. त्यामुळे मान्यतेचा अर्ज बहुतेक न्यूर्नबर्गच्या आयएचके फोसाकडे, म्हणजे परदेशी प्रशिक्षण तपासणाऱ्या कचेरीकडे जाईल. घरगुती वायरिंगवाले असता तर तिथल्या हस्तव्यवसाय चेंबरकडे गेला असता. ते तुमच्या आयटीआयची तुलना त्यांच्या साडेतीन वर्षांच्या आउसबिल्डुंगशी, म्हणजे कारखान्यात काम करत घ्यायच्या प्रशिक्षणाशी करतात. फी १०० ते ६०० युरोच्या मध्ये कुठेतरी. कागद पूर्ण झाले की कायद्याने तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. 'कागद पूर्ण झाले की' हे चार शब्द म्हणजे खायचं काम नव्हे, माझे त्यात अकरा महिने गेले.

निकाल तीन प्रकारचा. पूर्ण समान, अंशतः समान, किंवा नाही. आपल्या आयटीआयवाल्यांना सहसा अंशतः मिळतं. त्यात नाराज होऊ नका. काय कमी आहे ते त्या पत्रात लिहून देतात, आणि तेवढंच भरून काढायचं असतं. माझ्या पत्रात प्रोग्रॅमेबल कंट्रोलर आणि तिकडच्या सुरक्षा तपासण्या कमी आल्या. नऊ महिने एका कंपनीत काम करत करत ते केलं. मग पूर्ण.

हळदबाजार

सहा-सात लाख खर्च करून तिकडे जाऊन परत नऊ महिने शिकायचं, त्यापेक्षा कुपवाडला स्वतःचं वर्कशॉप काढा की. इथे चांगला रिवाइंडर मिळत नाही म्हणून माझी मोटर आठवडाभर पडून असते. सगळे हुशार हात बाहेर चालले आणि आम्ही इथे यूट्यूब बघून स्टार्टर जोडणारी पोरं सांभाळतोय.

तारवाला_मिरज

@हळदबाजार, तुमचं म्हणणं पटतं हो. पण बायको तिकडे, लेक इथे, हे आता पुरे झालं. लेक व्हिडिओ कॉलवर आईला जेवण दाखवते. याविषयी यापुढे लिहीत नाही.

@कऱ्हाडचा_नट, दादा, फौंड्री बंद पडली त्याला सात वर्षं झाली. तिथला अनुभवाचा दाखला आहे माझ्याकडे. एका ओळीचा. 'यांनी येथे काम केले असून यांचे वर्तन समाधानकारक होते.' चालेल का?

कऱ्हाडचा_नट

नाही चालणार. म्हणजे कचऱ्यात टाकू नका, पण त्याने काही सिद्ध होत नाही. जर्मन माणसाला तुमचं वर्तन नको आहे, काम हवं आहे. कोणत्या मशीनवर, किती किलोवॉटच्या मोटारी, स्टार-डेल्टा स्टार्टर जोडले का, पॅनल ड्रॉइंगवरून बांधलं का तोंडी सूचनेवरून, इन्शुलेशन मेगरने तपासायचात का, अर्थिंग मोजायचात का. अशी यादी, तारखांसह, कंपनीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह.

आपल्याकडे दाखला देताना मालक असं वाटून देतो की मी उपकार करतोय. तुम्हीच मजकूर टाइप करून न्या, तो फक्त सही करेल. मी तसंच केलं.

वारणाकाठ

पीएफचं विसरू नका. यूएएनवर सर्व्हिस हिस्टरी आणि पासबुक निघतं, त्यात कंपनीचं नाव आणि महिने येतात. कालावधी तरी पक्का होतो. काम काय केलंत ते अर्थात त्यातून कळत नाही.

आयटीआयचा अभ्यासक्रम पण काढून घ्या, तुम्ही ज्या वर्षी शिकलात त्या वर्षीचा. नुसत्या मार्कलिस्टवरून तुम्ही काय शिकलात ते त्यांना कळत नाही. आणि अप्रेंटिसशिपचं राष्ट्रीय प्रमाणपत्र असेल तर ते सोन्यासारखं जपा. त्यांच्या पद्धतीत कारखान्यातलं शिकणं हाच अर्धा कोर्स असतो, त्यामुळे अप्रेंटिस म्हटलं की त्यांना लगेच कळतं.

मेकॅनिकल_बीई

माझ्या माहितीप्रमाणे तुमची पदवी आधी बॉनच्या झाबकडून तपासून घ्यावी लागेल. मी वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजचा, मी तसंच केलं होतं.

वारणाकाठ

@मेकॅनिकल_बीई, ते पदवीवाल्यांसाठी. धागाकर्ता आयटीआय आहे. दारं वेगळी आहेत. चुकीच्या दारात उभं राहून लोकांची वर्षं जातात.

भडंगप्रेमी

वालचंदवाल्याने वालचंद सांगितलं नाही असा एक धागा दाखवा, माझ्याकडून भेळ.

सातारी_संधाता

मी वेल्डर, साताऱ्याचा, आता श्टुटगार्टजवळ. आमच्या धंद्यात एक बरं आहे. आयएसओ ९६०६ ची परीक्षा असते, तुकडा जोडून दाखवायचा, ते तो वाकवून किंवा एक्स-रे काढून बघतात. जोड टिकला तर पास. हाताला भाषा लागत नाही. शिवाय दर दोन-तीन वर्षांनी ती सगळ्यांनाच परत द्यावी लागते, जर्मनालासुद्धा. त्यामुळे माझा कागद आणि त्याचा कागद एकच.

वायरमनचं तसं नाही. तुम्हाला बोलावं लागतं, लिहावं लागतं, तपासणीचा अहवाल भरावा लागतो. म्हणून ए२ वर थांबू नका. बी१ तरी करून या. कारागीर माणूस भाषेला कमी लेखतो. मीही लेखायचो. पहिल्या महिन्यात फोरमनने 'आखटुंग' (सावध!) म्हणून ओरडून सांगितलं तेव्हा मी मान हलवून हसलो आणि वरून पाइप आला. डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून आज लिहितोय.

खानापूर_गलाई

आमच्या भागातली माणसं कागद घेऊन कधी कुठे गेली? विटा-खानापूर-आटपाडीची पोरं सोनं-चांदी गाळायला अख्ख्या देशात पसरलीत. तमिळनाडूत असो नाहीतर बंगालमध्ये, मामाच्या दुकानात भट्टीपाशी बसायचं, दोन वर्षं भांडी घासायची, मग मूस हातात. सर्टिफिकेट कुणी मागितलं न्हाई. तिथली भाषा मात्र सहा महिन्यांत यायची, न येऊन सांगता कुणाला.

तेव्हा भावा, घाबरू नको. एवढंच की तिकडं तुझा मामा न्हाई.

सिस्टर_वॉर्ड७

इतक्या पुरुषांचे प्रतिसाद झाले, आता दुसरी बाजू लिहिते. मी मिरजेचीच, नर्स, सहा वर्षं इथे. माझा नवरा फिटर. माझ्या मागून आला.

मला परीक्षेचा, बी२ चा त्रास झाला हे खरं. पण हॉस्पिटलने बोलावलं होतं, राहायची सोय होती, बरोबर चार केरळच्या मुली होत्या. त्याला कुणीच बोलावलं नव्हतं. तो आला तेव्हा नोव्हेंबर होता, चार वाजता अंधार. मी ड्युटीवर जायचे आणि तो मुलाला शाळेत सोडून घरी बसायचा. मग पार्सलच्या गोडाऊनमध्ये लागला. रात्रपाळी. पैसे बरे होते, त्यामुळे कुणी काही बोललं नाही. मीही नाही. मामांसारखे आमचे काका होतेच म्हणायला.

ती नोकरी वाईट होती असं नाही. पण तीन वर्षांनी जेव्हा त्याने फिटरच्या कामासाठी अर्ज केला तेव्हा पहिला प्रश्न आला, तीन वर्षं तुम्ही हातात कानस धरलेली नाही, का? तेव्हा गोडाऊनमध्ये जायचं असेल तर जा, पण त्याच महिन्यात मान्यतेचा अर्जही टाका. अर्ज पडलेला असला की माणूस पण उभा राहतो.

आणि एक. घरी रात्री जेवताना मराठीच बोलणार, ठीक आहे. पण बँकेत, डॉक्टरकडे, शाळेत बायकोला पुढे करू नका. आमच्याकडे तेच झालं. माझी भाषा सुधारत गेली, त्याची तिथेच राहिली.

सातारी_संधाता

ताई, हे कुणी लिहीत नाही. धन्यवाद.

काळीतार_टोरांटो

जर्मनीचं माहीत नाही, कॅनडाचं सांगतो. मूळचा वाईचा, इथे ओंटारियोत इलेक्ट्रिशियन. इथे ट्रेड सक्तीचा आहे, म्हणजे सर्टिफिकेट किंवा अप्रेंटिस म्हणून नोंद नसेल तर वायरला हात लावायचा नाही. बांधकाम-मेंटेनन्सच्या इलेक्ट्रिशियनला अप्रेंटिसशिपचे ९,००० तास धरतात. तुमचा बाहेरचा अनुभव मोजून घेता येतो, मग थेट परीक्षेला बसता येतं, पास व्हायला ७० टक्के. मीही दाखल्यातच अडकलो होतो. पुण्याच्या एका ठेकेदाराने सहीसाठी दोन महिने फिरवलं.

पण मला वेगळंच सांगायचं आहे. नाव बघा माझं. आपल्याकडे लाल-पिवळी-निळी फेज, काळी न्यूट्रल. दहा वर्षं काळी तार बिनधास्त हातात धरली. इथे काळी म्हणजे फेज, पांढरी न्यूट्रल. डोक्याला पहिल्या दिवशी कळतं, बोटांना कळायला वर्ष लागतं. पहिल्या आठवड्यात एका बोर्डात काळ्या तारेकडे हात गेला, बरोबरच्या फिलिपिनो म्हाताऱ्याने मनगट धरलं. तो काही बोलला नाही. त्यालाही कुणीतरी तसंच धरलं असणार.

कऱ्हाडचा_नट

अगदी हेच! जर्मनीत तर आणखी मजा. इथे निळी न्यूट्रल. तपकिरी, काळी, राखाडी या फेज. म्हणजे आपली निळी फेज ती इथे न्यूट्रल आणि आपली काळी न्यूट्रल ती इथे फेज. नेमकी उलट. आणि १९६५ च्या आधीच्या इमारतीत गेलात तर लाल तार अर्थ असू शकते! मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा घाम फुटला.

आणखी एक फजिती सांगतो. पहिल्या कंपनीत पहिला दिवस. मी खिशातून आपला टेस्टर काढला, तोच, दिवा लागणारा, वरच्या टोकाला अंगठा लावायचा. बाजूचा पोऱ्या हसायला लागला. इथे त्याला 'ल्यूगनश्टिफ्ट' म्हणतात. खोटारडी पेन्सिल. दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही असं धरायचं नाही, दोन टोकांच्या टेस्टरनेच बघायचं. माइस्टरने विचारलं, पाच नियम कोणते? मला येईनात. मी आपला, मेन बंद केला की झालं. मी पुढे होऊन बसबारला (पॅनलमधल्या वीज वाहणाऱ्या पट्टीला) बोटाची मागची बाजू लावून बघणार एवढ्यात त्याने थांबवलं आणि सरळ घरी पाठवलं. ओरडला नाही. पाठ करून उद्या ये म्हणाला.

वीज तोडा, परत कुणी चालू करणार नाही याची सोय करा, वीज नाही हे तपासा, अर्थ आणि शॉर्ट करा, शेजारचे चालू भाग झाका. याच क्रमाने. आज झोपेत उठवलं तरी जर्मनमध्ये म्हणेन. तुम्ही आत्ताच पाठ करा, मुलाखतीत हमखास विचारतात.

हळदबाजार

बोटाची मागची बाजू! आमच्याकडे तेरा वर्षांचा अनुभव म्हणजे ते बोट.

वारणाकाठ

हसू नका, माझ्या चुलत्याचा त्यातच हात गेला.

तारवाला_मिरज

सगळ्यांचे आभार. सिस्टरताई, तुमचा प्रतिसाद बायकोला पाठवला. तिचा उलट मेसेज आला, 'बँकेत तूच बोलायचं, ठरलं.'

दोन शंका. एक, इथला एक जण म्हणतो सगळ्या कागदांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का, करून देतो, चाळीस हजार. दोन, फौंड्रीचा मालक वारला, मुलगा पुण्यात, फोन उचलत नाही. लेटरहेड आणायचं कुठून?

कऱ्हाडचा_नट

अपोस्टिलवाल्याला चाळीस हजार देऊ नका. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, पण जर्मनीने भारताच्या बाबतीत आक्षेप घेतलेला, त्यामुळे मी केलं तेव्हा जर्मनीसाठी अपोस्टिलचा उपयोगच नव्हता. फोसाला साक्षांकित प्रती आणि शपथबद्ध भाषांतरकाराचं भाषांतर लागलं. भाषांतराला पैसे जातात, ते खरे.

दुसऱ्या शंकेला उत्तर आहे. कागद मिळतच नाहीत असं दाखवता आलं तर कौशल्य तपासणीची सोय त्यांच्या कायद्यातच आहे. क्वालिफिकाट्सिओन्सअनालीझ. मध्ये श्वास घेऊन म्हणा. कामाचा नमुना करून दाखवायचा, तज्ज्ञ प्रश्न विचारतो. म्हणजे आपल्या संधातासाहेबांसारखंच, जोड दाखवा. पण आधी मालकाच्या मुलाला गाठायचा प्रयत्न सोडू नका.

काळीतार_टोरांटो

मालक नसेल तर सुपरवायझर. जो तेव्हा तुमच्यावर होता तो. त्याची सही, त्याचा पत्ता, त्याचा फोन. माझं एक प्रकरण असंच सुटलं.

मुंबई_पासपोर्ट

एजंटचा विषय निघाला म्हणून. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंद बघा. धागाकर्त्याला एजंट लागतच नाही, तो बायकोच्या आधारावर जातोय. पण वाचणाऱ्या बाकीच्यांनी लक्षात ठेवा.

खानापूर_गलाई

तीस हजार? आमच्या गावातल्या एकानं दुबईला प्लंबर म्हणून जायला अडीच लाख दिले. तिथं गेल्यावर कळलं कागदावर क्लीनर हाय. दोन वर्षं पुसत बसला. परत येऊन आता विहिरीच्या मोटारी बसवतो, आणि झकास बसवतो.

हळदबाजार

त्याचा नंबर द्या.

मेकॅनिकल_बीई

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याबरोबर कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केलाय, त्यातून काही होतं का?

सातारी_संधाता

मी त्याच राज्यात आहे. करारातून आलेला कुणी अजून भेटला नाही. भेटला तर चहा पाजीन.

तारवाला_मिरज

पंधरा दिवसांनी परत आलोय, प्रगती सांगायला.

फौंड्रीचे जुने मेंटेनन्स सुपरवायझर सापडले. माधवनगरला राहतात, गुडघे गेलेत. मी सांगितलं काय हवं आहे, तर आतून एक ट्रंक काढायला लावली. त्यात २०१३ पासूनच्या ब्रेकडाऊनच्या वह्या! कारखाना बंद झाला तेव्हा रद्दीत जात होत्या, काका घरी घेऊन आले. तारीख, मशीन, काय बिघडलं, कुणी केलं. प्रत्येक पानावर माझ्या नावाची आद्याक्षरं. इंडक्शन भट्टीच्या कूलिंग पंपाची मोटर रात्री अडीचला बदलली होती, मला आठवतही नव्हतं. काका म्हणाले, त्या रात्री तू बनियनवर होतास आणि मी तुला ओरडलो होतो.

दोन दिवस बसून कामाची यादी केली, काकांनी प्रत्येक पानावर सही केली. वह्यांचे फोटो जोडलेत. आत्ताच्या मालकांनीही टाइप केलेल्या मजकुरावर सही दिली, फक्त 'वर्तन समाधानकारक' ही ओळ स्वतःच्या हाताने खाली लिहिली. राहवलं नाही त्यांना.

बी१ चा क्लास लावला. पाच नियम लेकीने माझ्या आधी पाठ केले.

आणि काल कारखान्यात पॅनल जोडत होतो. निळी तार हातात आली, आपली तिसरी फेज, आणि हात तिथेच थांबला. न्यूट्रल लिंककडे जायला लागला होता. सुपरवायझरने विचारलं काय झालं. म्हटलं काही नाही, सवय करतोय.

खानापूर_गलाई

अजून अडीच महिने हितं हायस. तवर हितलं नीट जोड की लेका.